कोनायझेशनमध्ये नेमकं काय करतात? मदत हवी आहे

नमस्कार. वय ३४, एक मुलगी आहे. पॅप स्मिअरमध्ये (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) दोष निघाला म्हणून कोल्पोस्कोपी (भिंगातून तपासणी) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली. रिपोर्टमध्ये सीआयएन ३ आलंय, म्हणजे त्या पेशींमध्ये कॅन्सरच्या आधीचा जास्त बिघाड. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, पण तसाच ठेवला तर पुढे होऊ शकतो. गुरुवारी कोनायझेशन आहे.

त्यांच्यासमोर सगळं समजल्यासारखं वाटलं, घरी आल्यावर एक शब्द आठवेना. सासूबाईंना वाटतंय पिशवीच काढणार. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत. पिशवी राहते ना? टेबलावर काय करतात? आम्हाला दुसरं मूल हवं आहे. जिचं झालंय तिने कृपया लिहा.

प्रतिसाद:
ताई, पिशवी राहते. आधी सासूबाईंना हे सांगा, मग पुढचं वाचा.

माझं दोन वर्षांपूर्वी झालं. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखाली काही कळलं नाही. पोटावर चिरा नसतो, सगळं योनीमार्गातून. पिशवीच्या तोंडाला आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बिघडलेला पिवळसर राहतो. तेवढा भाग शंकूच्या आकारात सुरीने कापतात, काहींचा विजेच्या तारेने. मग रक्त थांबवायला डाग देतात किंवा टाके घालतात. माझं अर्ध्या तासात आटोपलं. तुकडा तपासायला जातो, त्याच्या कडा साफ आहेत का, म्हणजे बिघडलेला भाग पूर्ण निघाला का, हे रिपोर्टमध्ये बघायचं. मला ते वाट पाहणं ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

मुलाचं मात्र गुरुवारच्या आधीच मॅडमना स्पष्ट सांगा. दिवस राहू शकतात, पण तुकडा जितका खोल, तितका पुढे बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. किती खोल जायचं हे ठरवताना त्यांना ते माहीत हवं.

नंतर काही आठवडे अंगावरून तांबूस पाणी जातं. नवव्या दिवशी खपली सुटताना माझं रक्त जरा वाढलं होतं. तासाभरात पॅड भिजलं, ताप आला किंवा घाण वास आला तर फोनवर न थांबता दवाखाना गाठा. ४ ते ६ आठवडे संबंध नाहीत, जड उचलणं नाही. पाण्याच्या बादल्यासुद्धा नाहीत.

धागाकर्ती:
सासूबाईंना वाचून दाखवलं, आत्ता त्यांनी भाकरी खाल्ली. मुलाचं उद्याच मॅडमना फोन करून सांगते. टाके काढायला परत जावं लागतं का?

प्रतिसाद:
नाही, माझे आपोआप विरघळले. रिपोर्ट आला की इथे नक्की कळवा.