घरात एकच फोन असेल तर बीटा नको
पुढच्या अँड्रॉइडचा बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती, रोजच्या फोनवर टाकावा का, असं विचारलंत. भाऊ, उत्सुकता मलाही आहे, पण थांबा. इकडं यवतमाळकडं खरिपात ई-पीक पाहणी, बँक, मजुरांचे पैसे, सगळं एकाच फोनवर चालतं. बीटावर बँकेचं ॲप अडलं तर तालुक्याला चक्कर! शिवाय पक्की आवृत्ती यायच्या आधी बीटातून बाहेर पडायचं म्हणजे फोन पूर्ण पुसला जातो. (आमच्या नेटवर फोटोंचा बॅकअप रात्रभर चढत नाही.) अँड्रॉइड १६ चा तिसरा बीटा मार्च २०२५ मध्ये आला, गूगलच्या पिक्सेल फोनवर पक्की आवृत्ती १० जूनला. म्हणजे थांबायचं तीनच महिने. जुना पिक्सेल पडून असेल तर त्यावर खुशाल टाका, अन् बॅटरी किती टिकते ते नक्की सांगा जी.