कॉलेज फुटबॉल: एडीवर (ॲथलेटिक डायरेक्टरवर) चिडून काही उपयोग असतो का?

एंडझोनवाला:
अमेरिकेत मास्टर्स करताना युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं ते अजून आहे. आमच्या ॲथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुखाने, एक सीझन बरा गेला म्हणून कोचचं कॉन्ट्रॅक्ट घाईघाईत वाढवून टाकलं, आता टीम घरच्या मैदानावर मार खातेय आणि कोचला काढायचं म्हटलं तर बायआउट (मुदतीआधी काढलं तर द्यायची रक्कम) एवढा मोठा की कोणी विषयच काढत नाही. त्यात स्टुडंट सेक्शन, म्हणजे पोरांचा बसायचा भाग, मधल्या स्टँडमधून उचलून कोपऱ्यात टाकलाय, का तर ती जागा मोठ्या डोनरना हवी. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बँड आणि पोरं मिळून जो आवाज करायची तो आता मैदानापर्यंत पोचतच नाही, डोनर मंडळी बसून असतात. हे सगळं एकटा एडी ठरवतो का? की आम्ही उगाच एकाच माणसावर राग काढतोय?

चौथा_डाउन:
राग बरोबर आहे. टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीचं बघा. 2017 मध्ये स्कॉट वुडवर्ड एडी असताना कोच जिम्बो फिशरला 10 वर्षं, 75 मिलियन डॉलर, सगळे गॅरंटीड. वुडवर्ड गेले एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), मागून आलेल्या रॉस ब्योर्कनी 2021 मध्ये तेच कॉन्ट्रॅक्ट 2031 पर्यंत वाढवलं आणि 2023 च्या नोव्हेंबरमध्ये फिशरला काढलं तेव्हा 75 मिलियनच्या वर देणं निघालं. ब्योर्क पुढे ओहायो स्टेटचे एडी झाले. तिकडे एलएसयूत वुडवर्डनी कोच ब्रायन केलीला 10 वर्षांचे 95 मिलियन दिले, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केलीला काढलं आणि त्याच आठवड्यात वुडवर्डही गेले. सही करणारा निघून जातो, बिल युनिव्हर्सिटीच्या गळ्यात.

साइडलाइन:
पण 2020 मध्ये ए अँड एम 9-1 गेली होती (9 जिंकल्या, 1 हरली), देशात चौथी आली होती, तेव्हा फिशरला सोडलं असतं तर हेच फॅन एडीच्या नावाने शंख करत बसले असते. कोचच्या एजंटला हे पक्कं माहीत असतं, दुसरीकडून ऑफर आहे एवढी कुजबुज पसरली की एडी सही करतो. आणि एवढ्या रकमेला युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आणि बोर्डही मान डोलावतात, ते कधी फॅनच्या तोंडी येत नाहीत. सीटचं म्हणाल तर जुलै 2025 पासून हाउस सेटलमेंटमुळे (खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षाची मर्यादा 20.5 मिलियन, ते कुठून तरी आणायचेच. खेळाडूंना मिळतायत याचा मला आनंदच आहे, फक्त पोरांच्या जागा विकून नको.

पिवळा_निळा:
मिशिगनमध्ये डेव्ह ब्रँडन एडी असताना स्टुडंट तिकिटं महाग झाली, सीटिंगची पद्धत बदलली, पोरं धुमसत होतीच. मग 2014 च्या सप्टेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध डोक्याला मार लागून लडखडणारा क्वार्टरबॅक (टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू) मैदानात ठेवला आणि स्टुडंट थेट प्रेसिडेंटच्या घरासमोर जमले. 31 ऑक्टोबरला ब्रँडननी राजीनामा दिला. नुसत्या हरण्यावर एवढं झालं नसतं, पोराच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून सगळे एकत्र आले.
पण टेनेसीचंही विसरू नका. 2017 मध्ये ग्रेग शियानोला कोच म्हणून आणायचं ठरलं तर फॅननी एवढा गदारोळ केला की ती निवड रद्द झाली, काही दिवसांत एडीही गेला. त्यानंतर आलेला कोच जेरेमी प्रुइट 2021 मध्ये रिक्रूटिंगच्या (खेळाडू टीममध्ये आणण्याच्या) भानगडीत गेला.

एंडझोनवाला:
म्हणजे कोच कोण हवा यावर ओरडण्यापेक्षा सही व्हायच्या आधी अटी विचारायला हव्यात.

चौथा_डाउन:
हो. तुमची पब्लिक युनिव्हर्सिटी असेल तर कोचचं कॉन्ट्रॅक्ट रेकॉर्ड रिक्वेस्ट (आपल्या माहिती अधिकारासारखा अर्ज) टाकून बहुतेक ठिकाणी मिळतं. काढल्यानंतर त्याला दुसरीकडे नोकरी लागली तर आपलं देणं कमी होतं का, ते आधी बघा, फिशरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ती अटच नव्हती. आणि स्टुडंट सेक्शनचं पत्र एडीला नको, बोर्डाला लिहा, स्टुडंट गव्हर्नमेंटची सही घेऊन.