परसदारी सर्वांना एकत्र जेवता येईल अशी जागा कशी करावी? (कोकणातील घर)

प्रश्न – परसदार

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचे जांभ्या दगडाचे जुने कौलारू घर आहे. आई-बाबा तेथेच राहतात आणि दिवाळीला, शिमग्याला व मे महिन्यात आम्ही दहा-बारा जण जमतो. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला पंगतीत खाली बसता येत नाही. सगळ्यांना वाढून झाले की ती आत एकटी टेबलाशी बसून जेवते, आणि हे मला कित्येक वर्षे खुपत आहे. विहिरीच्या पलीकडे साधारण 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद मोकळी जागा आहे. तिच्या एका बाजूला आंबा, दुसऱ्या बाजूला दोन माड आणि मागे जुना गडगा (दगड रचून केलेले कुंपण) आहे. तेथे पत्र्याची कायमची शेड घालून जेवणाची जागा करावी असे मनात आहे. फरशी कोणती घालावी, टेबल केवढे असावे आणि संध्याकाळच्या डासांचे काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर – जांभा

ताई, खर्च करण्यापूर्वी जागेचा पुन्हा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. किलोभराहून जड नारळ जेथे कधीही पडू शकतो तेथे मुलांना जेवायला बसवू नये. आंब्याखाली सावली मिळते हे खरे, पण मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टेबलावर, ताटांवर आणि खुर्च्यांवर पडत राहतो. शिवाय आमटीचे पातेले घेऊन विहिरीला वळसा घालून जायचे असेल, तर वाढणाऱ्या माणसाच्या दर जेवणाला वीस फेऱ्या होतील आणि त्या बहुधा आईच्याच वाट्याला येतील. स्वयंपाकघराच्या दाराला लागून जागा असेल तर ती लहान असली तरी चालेल. घराच्या पूर्वेकडे दुपारी तीननंतर घराचीच सावली पडते. मात्र समुद्राकडचा वारा घरामुळे अडतो, म्हणून टेबल भिंतीच्या मधोमध न ठेवता घराच्या कोपऱ्याकडे सरकवावे. चार दिवस तेथे साधे टेबल मांडून सकाळ, दुपार आणि रात्र जेवून पाहावे. ऊन आणि वारा कोठून येतो, हे नकाशावर कळत नाही.

टेबलाविषयी सांगायचे तर एका माणसाला दोन फूट लांबी धरावी. 10 फूट लांब आणि 3 फूट रुंद टेबलावर दोन्ही टोके धरून बारा माणसे बसतात, आणि खुर्ची मागे सरकवायला चहूबाजूंनी 3 फूट मोकळे ठेवावे लागतात. मी मात्र 5 फुटांची दोन टेबले करायला सांगेन, कारण एरवी आई-बाबांना एकच पुरते आणि पावसाळ्यात ती पडवीत उचलून ठेवता येतात. उंची 30 इंच असावी. जांभ्याच्या चिऱ्यांचा कट्टा दिसायला सुंदर असतो, परंतु गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाठ आणि हात नसलेल्या बैठकीवरून उठताना त्रास होतो. आईंसाठी हातांची, 18 ते 20 इंच उंचीच्या बैठकीची भक्कम खुर्चीच हवी.

जमिनीला पॉलिश केलेला दगड अजिबात नको. खडबडीत शहाबादी किंवा चिऱ्यांची फरसबंदी करावी आणि दर 10 फुटांना सव्वा इंच उतार घराच्या विरुद्ध दिशेला द्यावा. चिऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते, ते दिवाळीपूर्वी घासून काढावेच लागते.

उत्तर – पोफळ

पत्र्याच्या शेडला माझा विरोध आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे सावली वरूनच हवी हे खरे. परंतु तापलेला पत्रा खाली बसलेल्यांना भाजून काढतो. पावसाळ्यासाठी म्हणावे, तर तिरका पाऊस शेडमध्ये येतोच आणि माणसे अखेर पडवीतच जेवतात. पोफळीचे खांब, आडव्या काठ्या आणि वर माडाचे झाप (विणलेल्या झावळ्या) असा मांडव तुळशीच्या लग्नापूर्वी घालावा आणि मृगाच्या आधी उतरवावा. झापांतून वारा खेळतो आणि ऊन गाळून येते. दरवर्षी घालण्याचा खटाटोप आहे, हे मान्य. पण वाळक्या झापांखाली चूल किंवा उघडी ज्योत मात्र कधीही नको.

उत्तर – सांजवेळ

डासांसाठी मोठा स्टँडचा पंखा टेबलाच्या पायांकडे रोखून लावा. डास दुबळे उडणारे असतात, वाऱ्यात त्यांना टिकता येत नाही. डोण, कुंड्यांखालच्या बश्या आणि करवंट्या आठवड्यातून एकदा उपड्या करा व विहिरीत गप्पी मासे सोडा. दिवा पिवळसर घ्यावा आणि टेबलाच्या बरोबर वर न लावता थोडा दूर लावावा, म्हणजे पाखरे ताटात पडत नाहीत. बाहेरच्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) बसवून घ्या, कारण ओल्या जमिनीवर अनवाणी वावर असतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या जिल्ह्यात फुरसे हा विषारी साप भरपूर आहे आणि ते रात्री बाहेर पडते. गडग्याच्या फटी आणि साचलेला पातेरा (वाळका पालापाचोळा) ही त्याची आवडती जागा. जेवणाची जागा गडग्यापासून दूर ठेवा, पातेरा रोज झाडा आणि दारापर्यंतच्या वाटेवर उजेड ठेवा.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या आठवड्यात गावी जाऊन मागच्या दाराशी, बकुळीजवळ, घरातले जुने टेबल मांडले आणि तीन दिवस तेथेच जेवलो. खुर्ची कोठे ठेवायची ते आईने स्वतःच ठरवले, कारण तेथून तिला चूलही दिसते आणि फाटकही. शेडचा विचार सोडला आहे. आता एकच विचारायचे आहे: हात धुण्याच्या नळाचे पाणी कोठे सोडावे?

जांभा

ताई, अळू आणि केळींच्या आळ्यात सोडा. नळ टेबलापासून आठ-दहा फुटांवर ठेवा आणि त्याच्याखाली चिरा बसवा, म्हणजे चिखल होणार नाही.