'ट्रेड-ऑफ'ला काय म्हणावं? तडजोड, वाटणी की आणखी काही?

हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्रांच्या प्रोसेसरवर मराठीत लिहितोय. 'ट्रेड-ऑफ', म्हणजे एक मिळवायला दुसरं सोडणं, आला की अडतो. सवयीने 'तडजोड' लिहिलं, पण वाचताना वाटतं की चिप बनवणाऱ्याने माघार घेतली. दुसरा शब्द सुचवाल का?

— शंका रास्त आहे. तडजोडीला दोन पक्ष लागतात, भांडण लागतं. इथे भांडण नाही, मोजकी वीज आहे. २०२२ चा स्टीम डेक हे असंच हातातलं गेमिंग यंत्र घ्या. त्याच्या चिपला ४ ते १५ वॅट मिळतात आणि त्यातच सीपीयूचे (मुख्य प्रोसेसरचे) चार कोअर आणि चित्रं काढणारा जीपीयू या दोघांचं भागवायचं. एकाने जास्त ओढलं की दुसऱ्याला तेवढं कमी. याला मी सरळ 'वाटणी' म्हणेन. एकाच शेताची भावाभावांत होते तशी. आणि 'पॉवर बजेट'साठी, म्हणजे खर्चायला मिळणाऱ्या विजेच्या मर्यादेसाठी, तर आपल्याकडे अंथरूण आहेच; ४० वॅट-तासांच्या बॅटरीएवढे पाय पसरायचे.

— वाटणी विजेपुरती चपखल आहे, पण सगळीकडे चालणार नाही. निन्टेन्डोचं १९८९ चं हातातलं गेमिंग यंत्र, गेम बॉय, आठवा. साधा आठ बिटांचा प्रोसेसर, गती जेमतेम ४.१९ मेगाहर्ट्झ, हिरवट पडदा, त्यामागे दिवाही नाही. पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. त्याचा प्रतिस्पर्धी, सेगा कंपनीचा गेम गिअर, याला रंगीत, उजळ पडदा होता, तर सहा सेल ३ ते ५ तासांत संपायचे. यात वाटणी कुणाकुणात? निन्टेन्डोने रंग सोडले आणि तास घेतले. मराठी अशा जागी नाम शोधत बसत नाही, 'रंगांच्या बदल्यात तास' म्हणून मोकळी होते. मला तीच रीत आवडते.

— दोन्ही पटलं. पण एक जागा उरते. प्रोसेसरची घड्याळगती (मेगाहर्ट्झमध्ये मोजतात ती) वाढवायची तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून शेवटची थोडीशी गती फार वीज खाते. तिथे वाटणीही नाही, सरळ अदलाबदलही नाही.

— तिथे 'भारी पडते' म्हणा.

— हो! 'शेवटचे शंभर मेगाहर्ट्झ बॅटरीला भारी पडतात.' हेच वाक्य लेखात घालतो.