चार किरणांचा काळा नीलम असतो का?

बोरीकाठ (अमळनेर)
आईने परवा आप्पांची अंगठी कपाटातून काढून माझ्या हातात दिली. पंचधातूची, वर काळा गुळगुळीत खडा, फुगलेल्या डाळीएवढा. आप्पांना साडेसाती लागली तेव्हा एका फिरत्या खडेवाल्याने 'ताऱ्याचा नीलम' म्हणून गळ्यात मारला होता. उन्हात ओट्यावर बसून आप्पा बोट हलवायचे आणि खड्यावर सरकणारा तारा आम्हा पोरांना दाखवायचे. मी मोजायचो. चारच किरणं.

काल एका दुकानात नेली. ट्यूबलाइटखाली तारा दिसेचना. दुकानदार म्हणाला, "काच आहे, फेका." परत येताना एसटीच्या खिडकीतून ऊन पडलं आणि तारा हजर! विकायची नाहीये. आप्पा फसले होते का, एवढंच कळू द्या.

कोंदण (जळगाव)
भाऊ, काच नाही. पण नीलमही नसावा.

तीस वर्षं कोंदणं भरतोय, तारा कधी ट्यूबलाइटखाली बघितला नाही. पसरट उजेडात तो विरून जातो. एकाच ठिकाणाहून येणारा उजेड पाहिजे. ऊन, नाहीतर मोबाइलची टॉर्च, बरोबर वरून.

रेशमाच्या रिळावर धाग्याला आडवी रेघ चमकते ना? खड्यात तेच होतं. नीलम-माणकात रुटाइल नावाच्या खनिजाच्या सुया असतात, केसाहून कितीतरी बारीक, आणि त्या तीनच दिशांना पडलेल्या. प्रत्येक दिशेच्या सुयांना आडवी एक रेघ उमटते. तीन रेघा, सहा किरणं. काही काळ्या नीलमांत हेमॅटाइट या लोहखनिजाच्याही सुया निघतात, मग बारा. चार मात्र नाही. आणि खडा वरून घुमटासारखा गोल ठेवला तरच हे दिसतं, पैलू पाडले की तारा गेला.

चार म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर काळा डायोप्साइड येतो, तो वेगळाच खडा. आपल्याच दक्षिणेकडचा. नीट बघा, दोन रेघा काटकोनात छेदणार नाहीत, जरा तिरक्या असतील. त्यातल्या सुया मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या, म्हणून तो लोहचुंबकाला ओढतो. अंगठी दोऱ्याला टांगा आणि चुंबक जवळ न्या. पण आधी कड्याजवळ! पंचधातूत लोखंड असू शकतं, उगाच चकाल.

सातपुडा (यावल)
माझ्या आजीच्या निळ्या खड्यात सहा किरणं आहेत, अगदी रेखीव, जणू वरून काढल्यासारखी. मग तो खरा ना?

कोंदण
ताई, इतका रेखीव असेल तर मला उलट शंका येते. १९४७ पासून अमेरिकेतल्या लिंडे कंपनीने ताऱ्याचे नीलम कारखान्यात बनवले. त्यातल्या काहींच्या मागे इंग्रजी 'एल' कोरलेला असतो. खडा पालथा करून बघा. खाणीतल्या खड्याचा तारा बहुतेक थोडा वाकडा, एखादं किरण फिकं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३ कॅरेटचा 'स्टार ऑफ इंडिया' मात्र खाणीतलाच. नाव भारताचं, खडा श्रीलंकेचा. १९६४ साली चोरीला गेला होता, सापडला.

बोरीकाठ
केलं! जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, अंगठी शिवणाच्या दोऱ्याने खुंटीला टांगली. पंखा बंद. आई दारातून, "काय करी ऱ्हायना रे तू?" कड्याकडून चुंबक नेलं, जागची हलली नाही. खड्याकडून नेलं तर हळूच वळली आणि चुंबकाला चिकटली. तीन वेळा. रेघाही तिरक्याच निघाल्या.

आईला सांगितलं, नीलम नव्हता. म्हणाली, "मग साडेसाती कशी गेली?" यावर काय बोलणार.

कोंदण
झालं तर मग, डायोप्साइडच. नीलम काठिण्यात दहापैकी ९, हा ६च्या आसपास. घालणार असाल तर शेतात घालू नका, मातीतल्या वाळूने चरे पडतील आणि तारा धुरकट होईल. आणि खडा हलत असला तर इकडे घेऊन या, काटे दाबून देतो.