एएनसी (उलटा आवाज सोडून नको असलेला आवाज मारणं): सिम्युलेशनमध्ये शांत, हार्डवेअरवर स्पीकर केकाटतोय

घूंघूं: डक्टमधल्या फॅनचा 120 हर्ट्झचा घूं आवाज मारायचाय. साधा एलएमएस (उरलेली चूक बघून फिल्टर आपोआप जुळवत नेणारा अल्गोरिदम), फॅनजवळ मूळ आवाज घेणारा रेफरन्स माइक, पुढे स्पीकर आणि त्याच्या पुढे उरलेला आवाज मोजणारा एरर माइक. सिम्युलेशनमध्ये झकास कन्व्हर्ज होतं, पण खऱ्या डक्टवर सुरुवातीला घूं कमी होतो आणि मग स्पीकर वेगळ्याच सुरात केकाटायला लागतो. म्यू (अपडेटच्या पावलाचा आकार) कमी केला तर केकाटणं उशिरा सुरू होतं, एवढाच फरक. काय करू?

फेजवाला: सिम्युलेशनमध्ये सेकंडरी पाथ (फिल्टरच्या आउटपुटपासून एरर माइकच्या सिग्नलपर्यंतची वाट) 1, म्हणजे काहीच बदल न करणारा, धरलाय ना? खरा पाथ म्हणजे डीएसी (डिजिटल ते अॅनालॉग कन्व्हर्टर), अँप, स्पीकर, मधली हवा, एरर माइक, एडीसी (अॅनालॉग ते डिजिटल कन्व्हर्टर) सगळंच आलं. फॅन बंद ठेवून स्पीकरमधून व्हाइट नॉइज सोड, तो पाथ मोजून घे आणि रेफरन्स त्यातून फिल्टर करून मगच अपडेटला दे, म्हणजे फिल्टर्ड-एक्स एलएमएस. मॉडेलची फेज 90 अंशांच्या आत चुकली तर म्यू लहान ठेवून निभावतं, पुढे गेली की दिशाच उलटी, मग म्यू कितीही कमी कर. 120 हर्ट्झला 90 अंश म्हणजे हवेत जेमतेम 70 सेंमी, त्यामुळे मोजून झाल्यावर माइक हलवू नकोस.

जुना_डीएसपी: बरोबर आहे, पण सूर वेगळा म्हणतायत म्हणून मला दुसरी शंका येतेय. केकाटत असतानाच म्यू शून्य करून फिल्टरचे कोएफिशियंट (त्याचे गुणक आकडे) फ्रीज करा. सूर विरला तर अपडेटचा दोष, चालूच राहिला तर स्पीकरचा आवाज उलटा रेफरन्स माइकमध्ये शिरतोय. पॉल ल्यूगच्या 1936 च्या पेटंटातही हेच डक्ट-माइक-स्पीकरचं चित्र आहे, दुखणं तेव्हापासूनचं 🙂

घूंघूं: फ्रीज केलं, तरी केकाटतोच!

जुना_डीएसपी: मग रेफरन्स माइक काढूनच टाका. फॅनला टॅको (फेऱ्या मोजणारा सेन्सर) लावा, 8 पाती आणि 900 आरपीएम असेल तर 120 हर्ट्झ आपोआप मिळतो, त्याची साइन-कोसाइन करून दोनच कोएफिशियंट अडॅप्ट करा. टॅकोला स्पीकर ऐकूच येत नाही. फिल्टर्ड-एक्स मात्र इथेही लागणारच.

फेजवाला: +1, फक्त हवेची सळसळ त्याने जाणार नाही हां. तीही मारायची असेल तर माइक ठेवावाच लागेल आणि स्पीकर ते रेफरन्स माइक हा पाथपण मोजून वजा करावा लागेल. शिवाय रेफरन्स माइक स्पीकरच्या पुरेसा आधी हवा, उलटा आवाज तयार करायला 1 मीटरला 3 मिलिसेकंदही मिळत नाहीत आणि त्यातले बरेचसे कन्व्हर्टरचे फिल्टरच खातात.