मारधाडीच्या व्हिडिओ गेममुळे मुलांचे नेमके काय बिघडते?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून तो मोबाइलवर नेमबाजीचा एक ऑनलाइन खेळ खेळतो. शंभर खेळाडू बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत तग धरणारा जिंकतो. परवा रात्री पान वाढून तीन हाका मारल्या तरी तो उठला नाही, म्हणून मी फोन हातातून काढून घेतला. तो माझ्या अंगावर असा ओरडला, की क्षणभर हा माझाच मुलगा का, असे वाटले. खोलीत जाऊन त्याने दार आपटले आणि दाराची कडी निखळून पडली. अर्ध्या तासाने तोच डोळे पुसत बाहेर आला आणि गार झालेला वरणभात मुकाट्याने जेवला.

सासरे म्हणतात, रोज माणसे मारायचा सराव करणारा पोरगा उद्या घरच्यांवर हात उगारेल. यजमानांचे म्हणणे, आम्हीही लाकडी बंदुका घेऊन चोर-पोलीस खेळलो, आमचे काय वाईट झाले? मला दोघांचेही पुरते पटत नाही. अशा खेळांनी मुले हिंसक होतात याला भक्कम आधार आहे का, आणि नसेल तर मी काळजी कशाची करायची, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पारिजात_५२

ताई, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आधी आपल्या सासऱ्यांच्या भीतीविषयी लिहिते, कारण ती जगभर आहे. अमेरिकेत १९९९ साली कोलंबाइन येथील शाळेत गोळीबार करणारे दोघेही ‘डूम’ हा नेमबाजीचा खेळ खेळत असत, आणि तेव्हापासून अशा घटनांनंतर संशयाचे बोट खेळांकडे वळते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये संशोधनाचा आढावा घेतला आणि २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली. हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलाढकली करणे अशा वागण्यात लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. मात्र खून-गोळीबारांचे खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे ती संघटना म्हणते.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तर तो लहानसा संबंधही आढळला नाही. ती मुले चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे आपल्या मुलाच्याच वयाची होती. या अभ्यासाला मी अधिक वजन देते, कारण खेळ किती हिंसक आहे हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवले होते, मुलांच्या वागण्याविषयी पालकांना विचारले होते आणि माहितीचे विश्लेषण कसे करणार हे आधीच जाहीर केले होते.

कृष्णामाई

मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे. पारिजातताईंनी दिलेली माहिती मान्य करूनही ‘लहानसा’ हा शब्द वाचून निर्धास्त होणे मला योग्य वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलांवरचे निष्कर्ष नऊ वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि मोठ्या भावाच्या फोनवर हे खेळ नऊ-दहा वर्षांची मुले सर्रास खेळतात.

मला अधिक चिंता आवाजाची वाटते. खेळताना माइक सुरू असतो आणि पलीकडे कोण बोलते आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका मुलाच्या तोंडून मी आईवरून दिलेली शिवी ऐकली. अर्थ विचारला, तर त्याला तो माहीत नव्हता. “गेममधला दादा असंच बोलतो,” एवढेच त्याने सांगितले. पडद्यावरचे रक्त लाल असावे की काही खेळांत दाखवतात तसे हिरवे, यावर आपण वाद घालतो, पण मुलांच्या कानावर काय पडते याची चौकशी कोणी करत नाही.

आडवाटेने

काकू, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दहावीपासून असेच खेळ खेळत आलो आहे. त्याच्या ओरडण्याचे समर्थन करत नाही, पण त्या रात्री काय घडले असावे ते सांगतो. बहुधा चौघांचा स्क्वॉड, म्हणजे संघ, असतो. एक सामना पंचवीस-तीस मिनिटे चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही; ज्याच्या आत राहिले तरच जीव वाचतो ते सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, तसतशी छातीतली धडधड वाढते. अशा वेळी फोन गेला, की आपला खेळाडू मैदानात नुसता उभा राहतो, नॉक झालेल्या, म्हणजे घायाळ होऊन पडलेल्या, मित्राला रिव्हाइव्ह करायला, म्हणजे पुन्हा उभे करायला, कोणी उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच तिघे जाब विचारतात. माझ्या मते त्याचा राग मित्रांना अर्ध्यावर सोडावे लागल्याचा होता.

माझ्या आईने एक साधी गोष्ट केली. जेवणाच्या अर्धा तास आधी ती “हा शेवटचा” असे सांगू लागली, आणि त्यानंतर नवा सामना सुरू करायचा नाही असे आमचे ठरले. भांडणे जवळजवळ थांबली. मात्र माझे बारावीचे वर्ष याच खेळाने खाल्ले, हेही कबूल करायला हवे. सीझन, म्हणजे खेळाचा ठरावीक हंगाम, संपण्याआधी रँक, म्हणजे क्रमवारीतले स्थान, वाढवायची म्हणून रात्री दोनपर्यंत पांघरुणाखाली, ब्राइटनेस कमी करून खेळायचो आणि सकाळी क्लासमध्ये बाकावर डोके टेकून झोपायचो.

पारिजात_५२

आडवाटेने यांनी झोपेचा मुद्दा मांडला, त्याबद्दल आभार. मी तो आधीच लिहायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, असे साधारण बारा महिने चालले तर हे निदान होऊ शकते. खेळात बंदूक आहे की नाही याला त्यात स्थान नाही. ताई, एका रात्रीवरून हा शिक्का मुलावर मारू नका. झोप, जेवण, शाळा आणि मित्र, यांकडे मात्र नीट लक्ष ठेवा.

बंदीने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोटमध्ये बंदी असताना पबजी हा असाच खेळ खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी अटक केली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजीही होते. परंतु दिलेले कारण देशाच्या सार्वभौमत्वाचे आणि सुरक्षेचे होते, मुलांच्या मनाचे नव्हते. जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया ही पबजीची भारतीय आवृत्ती आली आणि तिच्यात अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मी त्याच्या शेजारी बसून एक सामना शेवटपर्यंत पाहिला. माइकवरचे दोन आवाज त्याच्या वर्गमित्रांचे होते. तिसरा कोणाचा, हे त्यालाही सांगता आले नाही. त्याच्या खेळातही वेळेची मर्यादा आहे, पण ती त्याला का लागू होत नाही असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली. खाते उघडताना त्याने जन्मवर्ष २००१ टाकले आहे. ते खाते माझ्याच मोबाइल क्रमांकावर आहे, आणि त्या दिवशी मेथी निवडता निवडता ओटीपी मीच त्याला वाचून दाखवला होता, कशाचा ते न विचारता. हे जन्मवर्ष आता दुरुस्त करता येते, की नवे खाते उघडावे लागते? नवे उघडले तर इतक्या महिन्यांची रँक जाईल म्हणून तो रडवेला झाला आहे. कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.